अम्मा आणि ‘बा’च्या मधली जागा

माणसाची सगळी संस्कृती शब्दांवर उभी आहे हा मानवजातीचा सर्वांत जुना गैरसमज असून, प्रत्यक्षात ती उभी आहे ती केवळ सुरांवर, असं बाईंनी त्या सकाळी जाहीर केलं. श्रोतृवर्ग एकूण एक होता आणि तो फरशी पुसत होता.

“पाय वर घ्या,” श्रोतृवर्ग म्हणाला.

बाईंनी पाय वर घेतले. “आता हेच बघा, मावशी. शब्द आदराचे. ‘घ्या’ म्हणालात, ‘घे’ नाही. पण सूर कसा होता? गोठ्यात म्हैस सरकवल्यासारखा.”

“पाय वर गेले ना? मग झालं तर,” असं म्हणून मावशींनी बादली पुढं ढकलली.

केंद्र तिसऱ्या मजल्यावर होतं. ज्या मुलांना बोलणं जड जातं त्यांना तिथं बोलायला शिकवत. कुणी अक्षरं शिकवायचं, कुणी शब्द. बाईंकडे सगळ्यात शेवटचं खातं होतं, ते म्हणजे बोलण्यातला चढउतार. काही मुलांना शब्द सगळे येतात, सूर येत नाही. ‘दूध प्यायलो’ आणि ‘घराला आग लागली’ ही दोन्ही वाक्यं ती एकाच पट्टीत सांगतात, आणि ऐकणारा दोन्हींना ‘बरं’ म्हणून मोकळा होतो. त्यातही घरी कन्नड बोलणारी मुलं बाईंच्या वाट्याला होती. बावीस वर्षांपूर्वी ‘कन्नड कोण शिकेल?’ असं बैठकीत विचारलं गेलं तेव्हा एकट्या बाई उभ्या राहिल्या होत्या. त्या पंखा कमी करायला उठल्या होत्या, पण तेवढ्यात टाळ्या वाजल्या.

बाईंनी व्याकरणाचं पुस्तक आणलं आणि वर्षभरात कन्नड शिकून घेतलं. शब्द चोख, प्रत्यय चोख. हेल मात्र मराठीच राहिला. हे त्यांना कळायला सहा मुलं लागली. सहावा मुलगा बरा होऊन घरी गेला आणि पंधरा दिवसांनी त्याचे आजोबा तीन जिने चढून आले.

“उपकार झाले तुमचे,” आजोबा म्हणाले. “नातू बोलायला लागला. पण तो ‘आजोबा, आता झोपा’ म्हणाला की मला वाटतं, घरमालक बोलतोय. मी उठून बसतो.”

त्या दिवसापासून बाईंनी स्वतःच्या तोंडाला कुलूप घातलं. नमुन्याचा आवाज मुलाच्या घरातलाच हवा, असा नियम झाला. घरच्यांनी चाळीस वाक्यं बोलून पाठवायची, बाईंनी ती संगणकात घालायची. पडद्यावर घरच्या आवाजाची निळी रेघ उमटायची, मुलानं म्हटलं की त्याखाली लाल. लाल रेघ निळीवर बसेपर्यंत मूल आणि बाई घाम गाळायचे.

सगळ्या शिकवणीचा पाया एकच अक्षर होतं, ‘बा’. मराठीत ‘बा’ म्हटलं की कुणाचा तरी बाप येतो. कन्नडमध्ये ‘बा’ म्हणजे ‘ये’. तिथं ‘बा’ म्हटलं की कुणीही येतं. फक्त म्हणता आलं पाहिजे. हुकमाचा बा वेगळा, लाडाचा वेगळा, रुसवा काढायचा वेगळा, भीतीचा वेगळा. बाईंच्या वहीत असे आठ ‘बा’ होते.

बाईंनी फरशीवर ते भाषण केलं, त्याच आठवड्यात लिफ्टवाला आला. लिफ्टा दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीचे तीन जिने चढून आल्यामुळे तो दारातच हसत होता. “मॅडम, ही इमारत म्हणजे माझ्या पोटावर पाय आहे,” तो म्हणाला. बरोबर आठ वर्षांची मुलगी होती. दोन वेण्या, आणि नजर भिंतीवरच्या स्विचवर.

“नाव काय हिचं?”

“घरात पुट्टी म्हणतो. म्हणजे आपली छोटी.”

“भेगा बुजवायला लावतात ती?” मावशींनी दारातून विचारलं.

“तीच समजा,” लिफ्टवाला म्हणाला. “आमच्या घरात तेच काम करते.” मग तो पुट्टीकडे वाकून कन्नडमध्ये म्हणाला, “आईला हाक मार बघू.”

पुट्टीनं स्विचकडे बघत म्हटलं, “अम्मा बा.”

त्यात चढ नव्हता, उतार नव्हता, आई नव्हती आणि यायचं कारणही नव्हतं. ‘तिसरा मजला’ म्हणावं तसं ते होतं.

“अगंबाई, लिफ्टच की!” मावशी म्हणाल्या. बाईंनी डोळे वटारले, पण लिफ्टवाला स्वतःच हसला.

“माझंच पाप असेल, मॅडम. लहान असताना कामावर घेऊन जायचो. दिवसभर ती लिफ्टमधली बाई बोलायची, ‘दार बंद होत आहे, दार उघडत आहे,’ आणि ही ऐकत बसायची.”

“असं काही नसतं,” बाई म्हणाल्या. “तुमच्या लिफ्टचा काही दोष नाही.”

“नसेल तर बरंच.” त्याचं हसू थोडं खाली आलं. “हिची आई आतल्या खोलीत असते. ही बाहेरून असं म्हणते. आईला वाटतं, रेडिओ चालू आहे. मला जास्त काही नको. हिनं एकदा आईला हाक मारावी. हाकेसारखी. आईला कळावं, आपल्याला बोलावलंय.”

“मग आईंनाच घेऊन या ना. नमुन्याचा आवाज त्यांचाच घेऊ.”

“आवाज देईल. तिला जिने जमत नाहीत.”

“गुडघे?” बाईंनी विचारलं.

लिफ्टवाल्यानं मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे बाईंना कळलं नाही. मानेला सूर नसतो. त्यांनी ती होकाराची धरली, कारण त्यांचे स्वतःचे गुडघे दुखत होते, आणि पुढची पाच मिनिटं त्या फक्त गुडघ्यांवर बोलल्या. लिफ्टवाल्यानं तेलाच्या दुकानाचा पत्तासुद्धा लिहून घेतला.

आठवड्याभरात वाक्यं आली. फोनवर घेतलेली, चार-चार, पाच-पाच करून पाठवलेली. ‘अम्मा, बा.’ ‘नीरु बेकु,’ म्हणजे पाणी हवं. ‘होगबेड,’ म्हणजे जाऊ नको. मागं सारखी घरघर ऐकू येत होती. “फ्रीजपासून लांब बसायला सांगा त्यांना,” बाई म्हणाल्या. लिफ्टवाला हो म्हणाला. पुढच्या वाक्यांतही फ्रीज होताच. चाळीस वाक्यं मागितली होती, एकेचाळीस आली. शेवटचं आईनं आपल्या मनानं घातलं होतं, ‘पुट्टी, बा.’

आवाज सुरेख होता. खालून उचललेला, उबदार. पण प्रत्येक वाक्यात मधे एक जागा होती. ‘अम्मा’ म्हटलं की आवाज थांबायचा, बारीकसं काहीतरी ओढलं जायचं, मग ‘बा’ यायचा, आणि येता येता खाली बसायचा. ‘नीरु’ आणि मग ‘बेकु’. ‘होग’ आणि मग ‘बेड’. पडद्यावर निळी रेघ मधे तुटलेली दिसायची.

बाईंनी ती तीन दिवस ऐकली आणि चौथ्या दिवशी त्यांना शोध लागला. ही पुट्टीच्या गावाकडच्या कन्नडची लकब होती! पुस्तकात कुठंच नव्हती. बाईंनी तिला ‘प्रादेशिक मध्यविराम’ असं नाव दिलं आणि दोन पानी टिपण संचालकांकडे धाडलं. त्यावर ‘अभिनंदनीय’ असा शेरा आला. त्याच गावचा लिफ्टवाला मात्र सलग, धडाधड बोलायचा. ही अडचण बाईंच्या लक्षात आली नाही असं नाही. त्यांनी टिपणाला तळटीप जोडली, की हा विराम फक्त स्त्रियांत आढळतो.

“दम लागल्यासारखी बोलते हो ही बाई,” मावशी एकदा कपाट पुसता पुसता म्हणाल्या. “माझी जाऊ शेवटी-शेवटी अशीच बोलायची.”

“मावशी, तो मध्यविराम आहे.”

“असेल. माझ्या जावेलाही मध्यविरामच झाला असेल.”

बाईंनी त्या दिवशी मावशींशी बोलणं टाकलं. दुपारच्या चहाला परत घेतलं.

पुट्टी रोज यायची. सुरुवातीला तिची लाल रेघ म्हणजे फुटपट्टीनं आखलेली. बाई तिचा हात धरून हवेत वर न्यायच्या, खाली आणायच्या. दोरीला बांधलेलं लोकरीचं अस्वल आवाजाबरोबर उचलायच्या. दोन महिने अस्वल तेवढं व्यायाम करून दमलं. तिसऱ्या महिन्यात लाल रेघ जराशी हलली. चौथ्यात ती निळीच्या मागं मागं चालू लागली, आईचा पदर धरून चालावं तशी. आणि पाचव्या महिन्यात एका सकाळी पुट्टीनं स्विचवरची नजर काढून पडद्याकडे बघितलं आणि म्हटलं, “अम्मा… बा.”

लाल रेघ निळीवर बसली. चढ तोच, उतार तोच, आणि मधली तुटलेली जागासुद्धा तीच. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचा आणखी एक नियम होता, की एकदा जमलं म्हणजे जमलं असं धरायचं नाही. सलग तीनदा जमल्याशिवाय वाक्य घरी न्यायचं नाही. पुट्टीनं सलग नऊदा म्हटलं.

“आज घरी गेल्यावर बाहेरून हाक मारू दे हिला,” बाई लिफ्टवाल्याला म्हणाल्या. “आणि उद्या मला येऊन सांगा, आई किती धावत आली ते. गुडघे विसरतील.”

दुसऱ्या दिवशी लिफ्टवाला एकटाच आला. खुर्ची दाखवली तरी बसला नाही.

“काय झालं? मारली की नाही हाक?”

“मारली.”

“मग?”

“तिनं ऐकली आणि रडायला लागली.”

“आनंदानं…”

“नाही, मॅडम.” तो हातातली टोपी उलटीसुलटी करत होता. “तिला वाटलं, पुट्टीलाही तेच झालंय. म्हणाली, हिला दम लागतोय, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या. छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, पोरीची फुप्फुसं घोड्यासारखी आहेत. तरी तिला पटेना. म्हणाली, परत काढा.”

बाईंनी विचारलं, “तेच म्हणजे?”

मग त्यानं सांगितलं. दोन वर्षं झाली होती. फुप्फुसं आटत चालली होती. जिने जमत नव्हते, कारण खोलीतून न्हाणीपर्यंतची सहा पावलंही जमत नव्हती. घरात फ्रीज नव्हताच.

दारात मावशी उभ्या होत्या. आज बोलून दाखवायची त्यांना पुरेपूर संधी होती. त्या खाली गेल्या आणि तीन कप चहा घेऊन आल्या.

संध्याकाळी बाई लिफ्टवाल्याच्या घरी गेल्या. दोन खोल्या होत्या. आतल्या खोलीत खाटेशेजारी गुडघ्याएवढं एक यंत्र घरघरत होतं. पाच महिने लांब बसायला सांगितलेला फ्रीज बाईंनी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्याची नळी पुट्टीच्या आईच्या नाकाला लावलेली होती. ती अंदाजापेक्षा तरुण होती आणि उशांना टेकून बसली होती.

“या,” ती म्हणाली. थांबली. श्वास ओढला. “गुडघे… कसे आहेत?”

बाई खाटेच्या कडेला टेकल्या. “तुम्ही मला सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं असतं तर… माझा आवाज घेतला असता?”

बाईंनी यंत्राकडे पाहिलं. घेतला नसता. आजारी आवाज नमुन्याच्या नियमात बसला नसता.

“मला वाटलं,” पुट्टीची आई म्हणाली, आणि हे सगळं ती दोन-दोन शब्दांचे घोट घेत म्हणाली, “आता हिला द्यायला माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही. ना वेणी घालता येते, ना शाळेत नेता येतं. निदान आवाज देऊ. आणि बघा, दिला तर काय दिला.”

“चूक माझी आहे. मला वाटलं, तुमच्याकडचं कन्नड तसं आहे. मी त्याला नाव ठेवलं.”

“नावं ठेवलीत?”

“नाव दिलं. मध्यविराम.”

पुट्टीची आई हसली. हसणं परवडण्यासारखं नव्हतं. दोन मिनिटं ती खोकत राहिली आणि लिफ्टवाला तिची पाठ चोळत राहिला. शांत झाल्यावर ती म्हणाली, “छान आहे नाव. डॉक्टरांचं यापेक्षा वाईट आहे.” मग तिनं बाईंचा हात धरला. “ते काढून टाका. तिच्या तोंडातून माझा दम काढून टाका. ती असं बोलली की लोक विचारतील, बाळ, तुला बरं नाही का? जन्मभर तिनं माझं दुखणं का सांगत फिरायचं?”

“राहू दे ना,” लिफ्टवाला दारातून म्हणाला. “तुझ्यासारखं बोलते तर बोलू दे. मला आवडतं.”

“तुम्ही गप बसा. तुम्हाला घरघरणारं यंत्रही आवडतं.” तिनं बाईंकडे बघितलं. “आणि निघालं की एकदा मला हाक मारायला लावा. नीट. धावत येईन.”

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून हाक आली, “अम्मा… बा.”

“बंदे,” पुट्टीची आई म्हणाली.

‘बंदे’ म्हणजे ‘आले’. या बाबतीत दोन्ही भाषांचं छान जमतं; दोन्हीकडची आई जागची हलायच्या आतच ‘आले’ म्हणून टाकते. पुट्टीच्या आईनं ते म्हटलं, आणि ती हलली नाही. पुट्टीही आत आली नाही. तिला ते ठाऊक असावं. हाक मारायची, ‘बंदे’ ऐकायचं, की झालं.

बाईंनी कबूल केलं, की काढून टाकते.

नवा नमुना बापाचा घ्यायचा ठरला. लिफ्टवाल्याचा आवाज म्हणजे सहा मजले खाली उभ्या असलेल्या माणसाला ‘दोरी सोड’ सांगायला बनवलेला. पहिल्या ‘अम्मा, बा’ला निळी रेघ पडद्याच्या वरून निघून गेली आणि शेजारच्या वर्गातली दोन मुलं रडायला लागली. “तुमची बायको आतल्या खोलीत आहे, विहिरीत पडलेली नाही,” मावशी म्हणाल्या. तो ओशाळला. हळूहळू आवाज खोलीच्या मापाचा झाला.

पुट्टीला ते पटेना. पाच महिने तिला जे बरोबर म्हणून शिकवलं तेच आता चूक ठरलं होतं. ती ‘अम्मा’ म्हणायची, थांबायची, श्वास ओढायची; बाई तिच्या पाठीवर हात ठेवून तिला न थांबता पुढं सरकवायच्या. घरून रोज निरोप यायचा, “झालं का?” बाई सांगायच्या, “होतंय.” तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी पुट्टीनं ते सलग म्हटलं. “अम्मा बा!” मधे काही नाही. साध्या, धडधाकट मुलीची हाक.

“आज नेऊ घरी?” लिफ्टवाला उठूनच उभा राहिला.

“एकदाच जमलंय,” बाई म्हणाल्या. “सलग तीनदा जमू द्या. नाहीतर घरी जाऊन पुन्हा थांबली, तर त्यांना किती लागेल! गुरुवारपर्यंत नक्की.”

पुट्टीची आई बुधवारी दुपारी गेली. फोन केंद्रात आला तेव्हा पुट्टी बाईंच्या समोर बसली होती आणि नुकतीच सलग दोनदा म्हणून झाली होती.

सलग तीनदाचा तो नियम बाईंच्या हस्ताक्षरात भिंतीवर लावलेला होता. मावशींनी त्या संध्याकाळी झाडताना तो काढला आणि कपाटात, अस्वलाच्या खाली ठेवला.

पंधरा दिवसांनी लिफ्टवाला पुट्टीला घेऊन आला. दाढी वाढलेली. तिला आत सोडून तो बाहेरच्या बाकावर बसला. बाईंनी मनाशी बराच वाद घातला होता. हाक ज्या माणसासाठी शिकवायची, ते माणूस गेलं. ‘अम्मा, बा’ आता शिकवायची कुणासाठी? पण त्यांनी कबूल केलं होतं, आणि दिलेला शब्द परत घ्यायचा झाला तर तो परत देणारं तिकडे कुणी नव्हतं. शिवाय बाकीची एकोणचाळीस वाक्यं होती. पाणी सगळ्यांनाच लागतं. त्यांनी ‘नीरु बेकु’पासून सुरुवात केली.

आठ आठवडे लागले. दार पातळ होतं. बाकावर बसून लिफ्टवाला ऐकायचा. कुठल्या दिवशी ‘नीरु’ आणि ‘बेकु’ एकमेकांना चिकटले, कुठल्या दिवशी ‘होगबेड’मधली जागा बुजली. दर आठवड्याला चार-पाच वाक्यांतून त्याची बायको निघून जात होती, आणि तो दर वेळी उठून बाईंना म्हणायचा, “छान चाललंय, मॅडम.” शब्द बरोबर होते.

शेवटच्या दिवशी बाईंनी चाळीसही वाक्यं घेतली. लाल रेघ कुठंही तुटली नाही. त्यांनी कागदावर चाळीस खुणा केल्या आणि लिफ्टवाल्याला आत बोलावलं.

“झालं,” त्या म्हणाल्या. “त्यांनी सांगितलं होतं तसं.”

तो पुट्टीच्या शेजारी मुलांच्या छोट्या खुर्चीवर बसला. गुडघे हनुवटीला लागत होते. “मॅडम, एक विचारू? तिची ती वाक्यं तुमच्याकडे आहेत अजून? माझा फोन मागच्या महिन्यात लिफ्टच्या खड्ड्यात पडला. दहाव्या मजल्यावरून.”

“आहेत.” त्यांनी ती पुसली नव्हती. त्यांनी कबूल केलं होतं ते पोरीच्या तोंडातून काढायचं, संगणकातून नव्हे, अशी पळवाट त्यांनी स्वतःपुरती काढून ठेवली होती.

“एक लावाल? कुठलंही.”

पुट्टी समोर बसली होती. दोन महिन्यांची मेहनत पाण्यात जाईल, असं शिक्षिका म्हणून बाईंना ठामपणे वाटलं. त्याच क्षणी त्यांच्या हातानं शेवटचं, एकेचाळिसावं वाक्य लावलं.

यंत्र घरघरलं. मग तो खालून उचललेला, उबदार आवाज आला, “पुट्टी… बा.”

पुट्टीनं मान वर केली. तिनं पडद्याकडे पाहिलं नाही, बापाकडे पाहिलं नाही, दाराकडे पाहिलं.

“बंदे,” ती म्हणाली.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. चाळीस वाक्यांत ते नव्हतंच. ते तिनं म्हटलं, आणि खुर्चीवरून हलली नाही. हात मांडीवर, पाठ टेकलेली, उशांना टेकावी तशी. हाकेला उत्तर दिलं की झालं, उठायचं नसतं, एवढं तिला घरी बघून ठाऊक होतं.

लिफ्टवाल्यानं टोपी तोंडावर धरली. दारात मावशी बादली घेऊन उभ्या होत्या, त्यांनी बादली आवाज न करता खाली ठेवली. बाईंना काहीतरी बोलायला हवं होतं. माणसाची सगळी संस्कृती सुरांवर उभी आहे, असं त्या गेली बावीस वर्षं सांगत आल्या होत्या, आणि आत्ता त्यांना एकही सूर सापडत नव्हता. समोरचा केंद्राचा फॉर्म अर्धा भरलेला होता. ‘बोलणे नैसर्गिक झाले आहे काय?’ असा शेवटचा प्रश्न होता आणि पुढं दोन चौकोन.

संगणक चालूच होता. पडद्यावर अचानक लाल रेघ उसळली, मधे तुटली, पुन्हा उसळली. ती मधली जागा आईची होती की घाईची, हे सांगायची सोय त्या यंत्रात नव्हती. पुट्टी दोन्ही पाय आवळून, बाईंच्या बाहीला ओढत म्हणत होती,

“मिस… सुस्सु.”